शिष्यवृत्ती लेकराची, शाळेची नव्हे



आपल्या वस्त्यांतून कितीतरी आईबाप मुलाला मिशनच्या शाळेत घालण्यासाठी पोटाला चिमटा घेतात. पण मूल अपंग असले, त्याला ऐकू येत नसले, नजर अधू असली किंवा समज उशिरा येत असली, तर उत्तर शाळेच्या दारातच मिळते, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." कुठे जरा गोड शब्दांत सांगतात, "सरकारकडून काही शिष्यवृत्ती मिळते का ते बघा, मग पाहू." मग आईबापांना वाटते की शिष्यवृत्ती म्हणजे शाळेला द्यायचे पैसे, आणि ती आणली नाही तर प्रवेश नाही. ही समजूत चुकीची आहे. या वेळी तेवढीच गाठ सोडवू.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. धर्मसंस्थांनी अपंग मुलांसाठी मोठे काम केले आहे. मुंबईत माझगावला बहिऱ्या मुलांची शाळा १८८० च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. आपल्या देशातील अशा शाळांमध्ये तिचे नाव पहिल्याने घेतात. त्या काळी सरकारचेही या मुलांकडे लक्ष नव्हते. म्हणून हा लेख कोणत्याही धर्माच्या शाळेविरुद्ध नाही. मात्र पूर्वी जे दया म्हणून मिळत होते, ते आज हक्क म्हणून मिळाले पाहिजे. दयेला नाही म्हणता येते, हक्काला नाही म्हणता येत नाही.

आता कायदा पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. अनुसूचित जातीची मुले त्यात पहिल्यापासून होती, २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही आली. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणून अल्पसंख्याक दर्जा असलेल्या मिशनच्या शाळेत पंचवीस टक्क्यांतून जागा मागता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठासमोर जावा असे म्हटले.

इथेच पुष्कळ लोक हात टेकतात. पण दिव्यांग मुलांसाठी दुसरा, स्वतंत्र कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. स्वमग्नता आणि लिहिण्या-वाचण्यातील अक्षमताही त्यात आली. त्याचे कलम १६ सांगते की सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारने मान्यता दिलेल्या शाळांत दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश मिळाला पाहिजे, इमारतीत त्याला वावरता आले पाहिजे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय झाली पाहिजे. या कलमात अल्पसंख्याक शाळांना सूट लिहिलेली नाही. परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सवलत या गोष्टी कलम १७ मध्ये आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. हा हक्क शिष्यवृत्तीवर अवलंबून नाही.

आता पैशाकडे वळू. केंद्र सरकारची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीला आहे. दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के आणि आईबापांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. शाळा मान्यताप्राप्त असली की पुरते, मग ती जिल्हा परिषदेची असो की चर्चच्या संस्थेची. योजनेच्या नियमांप्रमाणे घरून येणाऱ्या मुलाला महिन्याला ५०० रुपये, वसतिगृहातील मुलाला ८०० रुपये, वर्षाला पुस्तकांसाठी १००० रुपये आणि दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे २००० ते ४००० रुपये भत्ता आहे. ही रक्कम मुलाच्या बँक खात्यावर जमा होते, शाळेच्या नव्हे. पुस्तके, रिक्षाभाडे, कानाच्या यंत्राची बॅटरी यासाठी ती आहे.

आपल्या घरांसाठी इथे एक खास मुद्दा आहे. १९९० साली बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे आपल्या मुलांना अनुसूचित जातीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही मिळू शकते. त्यात घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३५०० रुपये आणि दिव्यांग असल्यास त्यावर दहा टक्के अधिक मिळतात. दिव्यांगांच्या योजनेत हीच रक्कम वर्षाला किमान ९००० होते. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. शाळेतला क्लार्क सगळ्या वर्गाचे जातीचे अर्ज एका झटक्यात भरून टाकतो आणि दिव्यांग मुलाचे वर्षाला काही हजार रुपये बुडतात. म्हणून अर्ज भरण्याआधी आपणच विचारले पाहिजे.

मग यात शाळेचे काम कोणते? अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात, पण तो शाळेने तपासून पुढे पाठवल्याशिवाय सरकत नाही. त्यासाठी शाळेची नोंद पोर्टलवर हवी आणि हे काम पाहणारा माणूस नेमलेला हवा. अल्पसंख्याक शाळेलाही यात कसलीच अडचण नाही. मुदतीत तपासणी केली नाही तर नुकसान शाळेचे होत नाही, लेकराचे होते.

पैसा मुलामागून जातो, पण हक्कही मुलामागून जातो का, हा प्रश्न फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९९ साली अपंग मुलांसाठी मॅके शिष्यवृत्ती सुरू केली. तिथे सरकारी पैसा घेऊन मूल चर्चच्या खासगी शाळेतही जाऊ शकते. २०२२ साली ही योजना दुसऱ्या मोठ्या योजनेत सामील झाली. पण त्यात एक मेख आहे. अपंग मुलांच्या शिक्षणाचा तिथला राष्ट्रीय कायदा सरकारी शाळेत मुलाला जे व्यक्तिगत हक्क देतो, ते शिष्यवृत्ती घेऊन खासगी शाळेत गेले की मागे राहतात. आपला कायदा या बाबतीत बरा आहे. मान्यताप्राप्त शाळेत पाऊल टाकताना आपले मूल हक्क बाहेर ठेवून जात नाही. पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय हाती येत नाही.

आणखी एक काळजी पुष्कळ माता-भगिनी बोलून दाखवतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले मूल शाळेत दुसऱ्या धर्माची प्रार्थना का म्हणेल? ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्यातच उत्तर आहे. कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मुख्याध्यापकांना नम्र शब्दांत दोन ओळींचे पत्र द्यावे. सवलत दिली म्हणून प्रार्थनेची सक्ती, असा सौदा कायद्यात नाही.

तेव्हा आईबापांनी एवढे करावे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. मुलाच्या नावाचे खाते आधारला जोडून घ्यावे. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. शाळा नाही म्हणाली तर कारण लेखी मागावे. तोंडी नकाराला पुरावा नसतो. लेखी कारण मिळाले नाही, तर पोच जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. घरात लिहिणारे कुणी नसेल तर विहारातल्या शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. रविवारच्या वंदनेनंतरचा एक तास त्याला पुरेल.

शेवटी आपल्या संस्थांबद्दल. बौद्ध हेही अल्पसंख्याक आहेत आणि आपल्या समाजाच्याही शाळा आहेत. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षण गरिबातल्या गरिबाला परवडले पाहिजे, असा आग्रह धरला होता. त्यांचे नाव पाटीवर लावणाऱ्या शाळेत व्हीलचेअरसाठी उतार आहे का, पोर्टलवर नोंद आहे का, दिव्यांग मुलाचा अर्ज मुदतीत पुढे जातो का, हे आधी आपण आपल्यालाच विचारू. दुसऱ्याच्या शाळेकडे जे मागतो ते आपल्या शाळेत नसेल, तर आपल्या मागणीला वजन राहणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!