पाणी दिसतं त्याहून खोल असतं



शेततळं भरलं की पोरं काठावर जमतात. तळ दिसतोय, म्हणजे पाणी छातीएवढंच, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब डोळ्यांचा, आणि डोळे इथं फसतात.

घरी एक गंमत करून बघा. पातेल्यात रुपया ठेवा आणि काठाआड तो दिसेनासा होईपर्यंत मागं सरका. मान न हलवता कारभारणीला हळूच पाणी ओतायला सांगा. रुपया जागचा हलत नाही, तरी दिसू लागतो! प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख. त्यामुळं पाण्यातून तिरका बाहेर पडताना किरण वाकतो. डोळ्याला वाटतं, तो सरळच आला. म्हणून तळ वर उचलल्यासारखा दिसतो.

बरोबर वरून पाहिलं तर ४ फूट पाणी ३ फूट भासतं. काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. साडेतीन फुटांचं पोर त्यात उतरलं, तर डोकं पाण्याखाली! शिवाय तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं निसरडा. पोहणाऱ्या गड्यालाही वर चढणं कठीण.

खोली बांबूनं मोजा, नजरेनं नको. तळ्याला कुंपण घाला. चारी बाजूंना खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा. "कुंपणाचं पुढच्या वर्षी बघू, साहेब," असं म्हणणारे मला बरेच भेटतात. कुंपण पुढच्या वर्षी घालायचं तर घाला, पण दोर आजच सोडा.