स्पीकर बॅगेतच राहू द्या

परीक्षा संपली की तुमच्या ग्रुपवर पहिला मेसेज कोणता येतो? ‘चला, कुठेतरी जाऊ या.’ मग पवना लेकच्या तंबूंचे फोटो येतात. बार्बेक्यू, रात्री मोठ्या आवाजात गाणी, सकाळी डोळे चोळत मिसळ. आमच्याही ग्रुपवर आले. पण आम्ही चौघं जरा वेगळे होतो ना! आम्हाला गाणी नको होती, पक्षी हवे होते. मेच्या शेवटच्या वीकेंडला एसटीने फणसाडला निघालो, तेव्हा त्या लेकवाल्यांना मनातल्या मनात भरपूर नावं ठेवून झाली होती. माझ्या बॅगेत ब्लूटूथ स्पीकर होता, पण तो गाण्यांसाठी नव्हता. मला त्याचा चक्क अभिमान वाटत होता.

फणसाड तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा जाच. रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोह्याच्या मधलं हे जंगल. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटतं आणि अख्खं जंगल या गाणींभोवती जमा होतं. आम्ही जंगलाला लागून असलेल्या सुपेगावात तंबूत राहिलो. मेमधला कोकणातला तंबू म्हणजे काय, ते विचारू नका. रात्री अकरापर्यंत आम्ही इडलीपात्रात बसल्यासारखे वाफत होतो. मग कोणीतरी बाहेर गेलं आणि ओरडलं, ‘अरे, झाड बघा!’ झाडभर काजवे होते. त्यानंतर उकाड्याबद्दल कोणी बोललं नाही.

पहाटे साडेपाचला गावातला गाईड दादा आला. आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याच्याकडे जुनी दुर्बीण होती आणि कान असे, की आम्ही ‘कुठे, कुठे’ करेपर्यंत त्याचं नाव सांगून झालेलं असायचं. शीळकरी कस्तुर, शामा, शेपटीला दोन झुपके लावून फिरणारा भृंगराज. वर फांद्यांत शेकरू धडपडत होतं. आणि मग झाडीच्या तळाशी दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू आली. दादा थांबला. म्हणाला, ‘नवरंग.’

नवरंग हा आम्हाला हवा असलेला पक्षी. हिरवी पाठ, पंखावर निळा पट्टा, डोळ्यावरून काळी रेघ, पोटाखाली लाल. एवढे रंग घेऊन तो पालापाचोळ्यात किडे शोधत फिरतो आणि तरी दिसत नाही. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे घरटं करायला येतो. दहा मिनिटं आम्ही बघत राहिलो. शीळ येत होती, पक्षी दिसत नव्हता. दहा मिनिटं! आता हसू येतं, पण तेव्हा आम्हाला तो फार मोठा वेळ वाटला होता.

मी स्पीकर काढला. फोनमध्ये नवरंगचा आवाज आधीच डाउनलोड करून ठेवलेला होता. स्पीकर एका दगडावर ठेवला आणि प्ले केलं.

तो आला. अर्ध्या मिनिटात, अगदी समोर. दगडापासून तीन-चार हातांवर उड्या मारत, मान वर करून शीळ घालत. इकडे बघ, तिकडे बघ, परत शीळ. स्पीकर बंद केला की थबकायचा, चालू केला की पुन्हा धावून यायचा. आम्ही तो चार-पाच वेळा वाजवला. व्हिडीओ असा भारी आला की विचारू नका. दादा मागे उभा होता. शेवटी त्याने फक्त एवढंच विचारलं, ‘झालं का?’

चहा पिताना मी म्हटलं, ‘दादा, कसला जवळ आला ना!’ तो म्हणाला, ‘जवळ येणारच. पाऊस पडायच्या आधी तो जागा धरतोय. त्याला वाटलं दुसरा नर घुसला. तुम्ही निघालात, पण तो अजून शोधत असेल. सुट्टीच्या दिवशी मागून आणखी दोन-तीन ग्रुप येतात.’

‘मग तुम्ही आम्हाला थांबवलं का नाही?’

‘पाहुण्यांना कसं अडवायचं?’

या वाक्यावर आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. फोटो मिळाला तर पाहुणा खूश, पाहुणा खूश तर पुढचा ग्रुप येणार. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यामुळे ‘गाईडने अडवलं असतं तर आम्ही ऐकलं असतं’ ही पळवाट आपण घेऊ नये. आपल्याला अडवणं त्याला परवडत नाही, हे आपल्याला कळायला हवं.

आणि इथेच माझं त्या डीजेवाल्यांबद्दलचं मत थोडं बदललं. गाण्यांचा गोंगाट वाईटच. पण नवरंगला गाण्यातलं काही कळत नाही. मी जे वाजवलं ते त्याच्याच भाषेत होतं, आणि त्याचा अर्थ ‘ही जागा आता माझी’ असा होता. नराची शीळ म्हणजे आपल्या हद्दीची घोषणा. ती दुसऱ्या तोंडून ऐकू आली की तो चरणं सोडतो, उघड्यावर येतो, नसलेल्या शत्रूशी भांडायला ताकद घालवतो. उघड्यावर आलेला पक्षी फक्त कॅमेऱ्याला दिसतो असं थोडंच आहे? शिकऱ्यालाही दिसतो.

‘एवढ्याने काय होतंय?’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. शास्त्रज्ञ वाजवतात की, हेही म्हटलं होतं. खरं आहे. नामशेष झाला असं मानलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. त्यानंतर तो आणखी कुठे कुठे आहे हे शोधताना अभ्यासकांनी त्याचा आवाज वाजवून प्रतिसाद ऐकला. पण ते ठरावीक वेळ वाजवतात, नोंद करतात, पुढे जातात. त्यातून त्या पक्ष्याबद्दल काहीतरी कळतं. माझ्या व्हिडीओतून नवरंगबद्दल काय कळलं? मी किती जवळ गेले होते, एवढंच.

कायद्याचंही सांगते, कारण मला ते माहीत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. तिथे घरटं होतं की नाही, मी पाहिलंच नव्हतं. पाहायची गरजही वाटली नव्हती.

फणसाडहून परतताना वाटेत किहीमचा फाटा लागला. १९३० मध्ये नोकरी गेलेले सालिम अली याच किहीममध्ये राहत होते. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडी लावून, वर कापडाचा आडोसा करून ते तासन्‌तास बसायचे. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हे सगळं त्यांनी असं बसून टिपलं. आम्ही दहा मिनिटांत कंटाळलो होतो.

फोन फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, ते खुशाल वापरा. ते ऐकतं, बोलत नाही. आणि ई-बर्डवर तर नुसता ऐकलेला पक्षीही यादीत धरला जातो, दिसलाच पाहिजे असं नाही. गाईड ठरवताना फोनवरच सांगून टाका, ‘दादा, आम्हाला आवाज वाजवायचा नाही, पक्षी नाही दिसला तरी चालेल.’ त्याच्या खांद्यावरचं ओझं तेवढंच कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो, पण थोडं अलीकडेच बसलो. तासभर. डास चावले, एका मित्राला डुलकी लागली. नवरंग दोनदा शीळ घालून गप्प झाला. दिसला नाही. वहीत लिहिलं : नवरंग, ऐकला.

आदल्या दिवशीची रील मात्र मी टाकली होती. तिच्यावर आलेल्या कमेंट्स मोठ्या प्रेमाच्या आहेत, आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलाय : ‘कॉल कुठून डाउनलोड केलास?’ मी कोणालाच उत्तर दिलेलं नाही. हा लेख पाठवला की रील काढून टाकतेय.