ठसा जुळवूनच हिशेब धाडावा



मार्चअखेर आली की पेढीवर एकच लगबग उडते. रोजमेळ, खतावणी, उधारीच्या याद्या असे सारे लेखापालांकडे धाडायचे असते. पूर्वी मुनीमजी वह्या बासनात बांधून स्वतः घेऊन जात. आता त्या फाइलच्या रूपाने तारांवरून जातात. वाट बदलली, वाटेवरच्या चोराची धास्ती मात्र तीच राहिली.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याची ‘एफटीपी’ ही रीत १९७१ साली अभय भूषण यांनी लिहून काढली. आयआयटी कानपूरमधून पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. त्या काळी जाळ्यावर मोजक्याच संस्था होत्या, म्हणून या रीतीत पासवर्डही उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. पुढे जाळे वाढले आणि पोस्टकार्ड वाचणारेही वाढले. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे पासवर्ड टिपले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचले. त्याच्याच आधारे आजची ‘एसएफटीपी’ चालते. तीत पासवर्ड व फाइल दोन्ही गूढलिपीत बदलूनच संगणकाबाहेर पडतात.

परंतु पाकीट मोहोरबंद असले, तरी ते योग्य हाती पडेलच असे नाही. म्हणून पहिल्या जोडणीच्या वेळी पलीकडच्या संगणकाच्या किल्लीचा ‘ठसा’, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, पडद्यावर येते आणि ‘विश्वास ठेवावा काय?’ असे विचारले जाते. पुढे कधी तो ठसा बदलला, तर इशारा मिळतो. बहुतेक जण न वाचताच ‘होय’ दाबतात.

आमच्या पेढीवर एकदा असा इशारा आला. चिरंजीव घाईत होते. मी त्यांचा हात थांबवला. लेखापालांना नेहमीच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. त्यांनी नवा संगणक बसवला होता, इतकेच. ठशाचे एकेक अक्षर जुळवले, मगच हिशेब धाडले.

“बाबा, शेवटी काहीच निघाले नाही,” चिरंजीव म्हणाले.

“ते आता कळले. ‘होय’ दाबताना कुठे ठाऊक होते?” मी म्हणालो.

म्हणून एवढे पाळावे. फाइल पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘एफटीपी’ नव्हे, ‘एसएफटीपी’ निवडावे. ठसा आधीच मागवून वहीत लिहून ठेवावा. तो बदललेला दिसला, तर आपल्या जवळच्या जुन्या क्रमांकावर विचारून खात्री करावी; त्याच वेळी आलेल्या संदेशातील क्रमांकावर नव्हे. पेढीतील प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

उधारीच्या यादीत केवळ आकडे नसतात. कोणाचे किती थकले, कोण अडचणीत आहे, हे गिऱ्हाइकांनी आपल्या भरवशावर सोडलेले असते. ती त्यांची अब्रू आहे. ती जपण्यासाठी पाच मिनिटे गेली, तर तो तोटा समजू नये.