बेशरमीचा धडा गट सोडण्याआधी

या महिन्यात शेळीपालकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली. अनुदानातून शेळ्यांचा गट मिळाला, शेळ्या बाहेरच्या बाजारातून आणल्या, उन्हाळ्यात पाटाच्या कडेने सोडल्या आणि बेशरमीचे विषारी झुडूप खाऊन मेल्या. वर विम्याचा दावा नामंजूर. कारण काय, तर पोटातल्या नमुन्यात विष आढळले नाही.

आढळेल कसे? बेशरमीतले स्वेनसोनीन एका घासात जनावर मारत नाही. ते मॅनोसिडेज विकर अडवते. अर्धवट मोडलेल्या शर्करा आठवडेच्या आठवडे पेशींत साठतात आणि मज्जापेशी फुगतात. हे दिसण्यासाठी मेलेल्या शेळीच्या मेंदूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवा. एका वाचकाने पाठवलेल्या दाव्याच्या अर्जात मात्र 'विष खाल्ल्याची तारीख व वेळ' असा रकाना आहे, आणि तो रिकामा राहिला म्हणून प्रकरण परत आले. महिनाभर रोज खाल्लेल्या पाल्याची वेळ कोणती लिहायची? हा रकाना ठरवणाऱ्याने आजारी शेळी एकदा तरी पाहायला हवी होती. जिवंत शेळीबद्दल संशय असेल तर तिचे डोके मिनिटभर वर धरून एकदम सोडा. मान थरथरते, पाय फाकतात, ती झोकांडी खाते. इतक्या अवस्थेला पोचलेली शेळी सहसा पूर्ण सावरत नाही.

म्हणून उपाय आधीच करायला हवा, आणि तो आहे. अमेरिकेत युटा राज्यातील लोगन येथील विषारी वनस्पती प्रयोगशाळेने गुरांवर आणि ब्राझीलमधील पशुवैद्यांनी खुद्द बेशरमीसाठी शेळ्यांवर तो वापरला. उपाशी जनावराला ताजा पाला द्यायचा आणि तो खाल्ल्यावर लगेच लिथियम क्लोराइडचे द्रावण नळीने पाजायचे. मात्रा किलो वजनाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. मळमळ होते आणि जनावर तिचा दोष त्या पाल्याला देते. पाला अनोळखी असेल तर हा धडा पक्का बसतो. चटावलेल्या जुन्या शेळ्यांवर भरवसा नाही. ज्वारीच्या विषारी कोवळ्या फुटव्यासाठी तर हे करूच नका, ज्वारी आपला रोजचा चारा आहे.

बाहेरून आणलेल्या शेळीला बेशरम अनोळखी असेल, तर तोच मोका. तरीही गटवाटपाआधीच्या प्रशिक्षणात गोठ्याचे माप आणि लसीचे वेळापत्रक यापलीकडे कोणी जात नाही. विषारी झाडांवर एक तासही नाही, हे अक्षम्य आहे.

शेळीपालकांनाही सांगणे आहे. दोन शेळ्या वगळून बाकी कळप शिकवून घेऊ नका. न शिकलेली एक शेळी पाल्याला तोंड लावते, ते पाहून शिकलेल्या पुन्हा चाखतात आणि सगळे वाया जाते.

पशुधन विकास अधिकाऱ्यांनो, नवा गट आला की चराईला सोडण्याआधी, वजन करून, आपल्या देखरेखीखाली हे करून पाहा. पालकांनी औषध स्वतः पाजू नये. असे शिकवलेल्या प्रत्येक गटाची नोंद आमच्याकडे पाठवा; ती आम्ही छापू आणि पशुसंवर्धन खात्यापुढेही ठेवू.