जबरीनची गढी आणि आमचा वाडा

मागच्या डिसेंबरात आई मस्कतला आली होती. मोठी मशीद झाली, मत्राहचा बाजार झाला, समुद्र तर रोजच होता. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "इथली माणसं पूर्वी राहायची कशी, ते कुठे बघायला मिळतं का?" मग शुक्रवारी सकाळी गाडी काढली आणि निझवा, बहला करत जबरीनला गेलो. दोनेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर आणि मध्येच खजुराची हिरवी बनं.

जबरीनला इथे 'हिस्न' म्हणतात, म्हणजे राहता किल्ला. आपल्याकडची गढी म्हणा ना. इमाम बिलआरब बिन सुलतान या यारुबी घराण्यातल्या माणसाने ती १६७०च्या दशकात बांधली, म्हणजे आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला साधारण त्याच सुमाराला. त्याच्या वडिलांनी १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं होतं. समुद्रावरचा व्यापार हाती आला आणि त्या पैशातून ही बांधकामं उभी राहिली. आमच्या गावाजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर पोर्तुगीजांची घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली. म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा आणि ही गढी यांचं लांबचं का होईना, नातं लागतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पोर्तुगीजांनी बऱ्याच जणांची घरं बांधून दिली म्हणायची!"

आत गेल्यावर मात्र मी इंजिनियर असल्याचं विसरू शकलो नाही. वरच्या मजल्यावर 'सूर्य-चंद्राची खोली' आहे. छताला रंगीत वेलबुट्टी, आणि खिडक्या दोन ओळींत. खालच्या ओळीतल्या जमिनीलगत, वरच्या छताजवळ. गार हवा खालून आत येते, तापलेली वरून निघून जाते. पंखा नाही, वीज नाही. खालून फलजाचं, म्हणजे पाटाचं, पाणी खेळवलेलं. याच पाण्याजवळ इमामाची कबरही आहे. १६९२ मध्ये सख्ख्या भावाने, सैफने, या गढीला वेढा घातला आणि त्या वेढ्यातच बिलआरब इथे मेला. हौसेनं बांधलेल्या घरात माणूस कोंडला गेला. भाऊबंदकी हा शब्द अरबीत काय असेल कोण जाणे, पण गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

आई रमली ती खजुराच्या कोठीत. जमिनीवर ओळीने पन्हळी काढलेल्या. त्यांच्यावर खजुराच्या गोण्यांची थप्पी लावायची, वजनानं रस गळतो, पन्हळीतून वाहत जाऊन खालच्या रांजणात जमतो. काकवीसारखा दाट असतो तो. हा रस खायलाही वापरत आणि उकळवून दारातून शिरणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर ओतायलाही. आई तिथे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आपल्या वाड्यात बळद होतं तसंच की. फक्त आपण कोणाच्या डोक्यावर काही ओतलं नाही."

आणि इथेच माझी पंचाईत झाली, कारण वाड्याचा विषय मी तीन दिवस टाळत होतो.

तर झालं होतं असं. वाईजवळच्या गावात आमचा एक जुना वाडा आहे. मोठा नाही, दोन चौकी. देवडी, सोपा, माजघर, कडीपाटाची छतं, भेंड्यांच्या भिंती. तिथे आता फक्त थोरले काका-काकू राहतात. मालकांची नावं मात्र एकवीस. पणजोबांपासून वारसा वाढत गेला आणि उताऱ्यावरची नावंही. एका बिल्डरनं पूर्ण जागा मागितली आहे. वीस जणांनी संमती दिली. एकविसावा मी, वडिलांच्या माघारी. मी इथून काकांना एक लांबलचक ईमेल पाठवलं होतं: वारसा, इतिहास, लाकडावरचं कोरीवकाम, युरोपात लोक अशी घरं कशी जपतात वगैरे. काकांचं उत्तर एका ओळीचं आलं. "मे महिन्यात कौलं शाकारायला कोण येणार, ते कळव."

युरोपाचा दाखला मी उगाच दिला नव्हता. लीड्सला पीएच.डी. करत होतो तेव्हा शहराबाहेरचं हेअरवुड हाउस मी अनेकदा पाहिलं. १७५९ साली पाया घातलेला महाल, वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या आणि गुलामांच्या पैशावर उभा. आपल्याला वाटतं की इंग्रज माणूस जात्याच इतिहासप्रेमी. पण १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक प्रदर्शन भरलं होतं, ते फक्त पाडल्या गेलेल्या अशा घरांचं. हजाराहून जास्त. वारसा कर भरता येईना, नोकर मिळेनात, छपरं गळू लागली, आणि लोकांनी सुरुंग लावून आपली घरं पाडली. नॅशनल ट्रस्ट घर ताब्यात घेतो हे खरं, पण साधारणपणे घराबरोबर ते चालवण्याचा निधीही मागतो. नुसतं घर देऊ केलं तर 'नको' म्हणण्याची त्याची तयारी असते. हा भाग मी ईमेलमध्ये लिहिला नव्हता.

ओमानमध्येही तेच आहे, फक्त इथे खिसा सरकारचा आहे. जबरीनची डागडुजी १९८०च्या सुमाराला झाली, आणि झकास झाली. जवळच्या बहल्याच्या किल्ल्याला १९८७ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेला, कारण मातीच्या भिंती पावसागणिक ढासळत होत्या. त्या यादीतून बाहेर पडायला २००४ उजाडलं. तेलाचा पैसा असणाऱ्या देशाला इतकी वर्षं लागली. आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावर अल हमरा हे गाव आहे. मातीची तीन-तीन मजली घरं, शेकडो वर्षांची. १९७० नंतर रस्ते आले, वीज आली, आणि लोक खाली नव्या बंगल्यांत राहायला गेले. आता त्या गल्ल्यांतून चालताना अर्ध्या घरांची छतं पडलेली दिसतात. माझा एक ओमानी सहकारी त्याच भागातला. आजोबांच्या घराचं काय करणार, म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, "बत्तीस वारस आहेत. सगळ्यांना ते घर फार आवडतं." आणि हसला.

त्याच गावात 'बैत अल सफा' नावाचं एक घर मात्र धडधाकट उभं आहे. तिथे गावातल्या बायका पाहुण्यांसमोर कॉफीच्या बिया भाजतात, तव्यावर पापडासारखी पातळ रोटी करतात. तिकीट असतं. आईनं रोटी करून पाहिली आणि तिची पहिलीच रोटी तव्याला चिकटली. वर मिस्फात अल अब्रियीन गावात लोकांनी स्वतः जुन्या घरांत पाहुण्यांची सोय केली, २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेनं उत्तम गावांच्या यादीत त्याचं नाव घातलं. जी घरं उभी आहेत त्यांत रोज चूल पेटते. जबरीन देखणी आहे, पण रिकामी आहे. सतरंज्या अंथरलेल्या, उशा लावलेल्या, आणि बसणारं कोणी नाही. मला स्वतःला अल हमऱ्यातलं धुरकट घर जास्त आवडलं.

परतीच्या वाटेवर आईला मी ईमेलबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या वाड्यात मी अकरा वर्षं संसार केला. तू सुट्टीत आलास. माजघरात दिवसा दिवा लावावा लागायचा. बाळंतपणात रात्री परसात जायचं तर कंदील घेऊन. तुला कोरीवकाम दिसतं, मला ते खांब पुसणं आठवतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. परदेशात बसून घर जपायचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना मत देण्याचा हक्क आहे, पण ते मत फुकट असता कामा नये, इतकंच मला म्हणायचं आहे. मी मांडलेला विरोध हा काकांच्या गुडघ्यांवर मांडलेला विरोध होता.

बरं, नुकसानही आम्हीच केलेलं. १९९०च्या दशकात बाबांनी पगारातले पैसे साठवून मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. हौसेनं. मातीची भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि पृष्ठभागावरून ती सुकवून टाकते. वर सिमेंट थापलं की ओल बाहेर पडू शकत नाही, आतच वर चढते, क्षार साठतात आणि भिंत फुगते. सच्छिद्र पदार्थांतून पाणी कसं वाहतं हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि घरची भिंत मी पंधरा वर्षं बघत होतो! इथे जुन्या बांधकामांत 'सारूज' वापरतात: माती खजुराच्या ओंडक्यांबरोबर काही दिवस भाजायची, कुटायची, चुन्यात मिसळायची. म्हणजे आपली सुरखीच. ती भिंतीला श्वास घेऊ देते.

तर मी काकांना दुसरं पत्र पाठवलं. मागचा चौक द्यावा, तिथे इमारत होऊ दे, काका-काकूंना तळमजल्यावर दोन खोल्या आणि आत संडास-बाथरूम मिळू दे. पुढची देवडी आणि सोपा ठेवायचा असेल तर माझ्या वाट्याचे पैसे मी त्यातच घालतो आणि दर वर्षी शाकारणीचा खर्च माझा. बिल्डर मानेल का, वीस जण मानतील का, मला ठाऊक नाही. न मानले तर मी सही करीन. मुखत्यारपत्राचा मसुदा तयार आहे, इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं तेवढं बाकी आहे.

काकांचं उत्तर परवा आलं, पुन्हा एका ओळीचं. "चुन्याची घाणी आता कोणाकडे नाही, वाईत विचारतो. तू तारीख कळव."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची रजा टाकली आहे.