संजीवनी नको, डोंगर दाखवा

मूलपेशी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या स्टेम सेल, आणि कविता यांचा काय संबंध, असं मेसमध्ये विचारलं तर लोक हसतील. पण जाहिरातवाल्यांनी तो कधीच जुळवून टाकलाय. 'स्टेम सेल म्हणजे आधुनिक संजीवनी!' ही उपमा नाही तर काय आहे? तिच्यावर विश्वास ठेवून एखादा बाप लेकराच्या ऑटिझमसाठी कर्ज काढतो. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र स्पष्ट सांगतात की, रक्ताच्या कर्करोगासारख्या ठराविक आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी सगळं मान्यताप्राप्त ट्रायलपुरतंच.

ही तत्त्वं त्या बापाच्या हाती कोण देणार? आणि दिली तरी ती भाषा त्याला कळणार का? माझं मत असं, की खोट्या उपमेला उत्तर चांगल्या उपमेनेच द्यावं लागतं. अशी एक उपमा शास्त्रज्ञांकडे तयारच आहे.

कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाच्या १९४० सालच्या पुस्तकात जॉन पायपर या चित्रकाराने काढलेलं नदीखोऱ्याचं चित्र आहे. १९५७ मध्ये वॉडिंग्टनने त्याच कल्पनेचा डोंगरउतार केला. माथ्यावर एक गोटी आणि खाली फाटे फुटत गेलेल्या दऱ्या. गोटी म्हणजे पेशी. एका दरीत उतरली की मेंदूची, दुसरीत उतरली की कातडीची. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून ही उतरलेली गोटी परत माथ्यावर नेली गेली. त्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल विभागून मिळालं.

या चित्राची गंमत म्हणजे त्यात आशा दिसते तसा धोकाही दिसतो. माथ्यावरची गोटी कुठंही घरंगळू शकते. अशी पेशी तशीच शरीरात सोडली तर गाठ होऊ शकते. संजीवनीच्या उपमेत हा धोका कुठाय?

अर्थात उपमेला उपमाच समजायला हवं. नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे आपल्या आजीलाही कळतं. पण २०१९ च्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म स्टेम सेल तंत्राने झाला असं ठासून सांगितलं! गोष्ट म्हणून कौरवांचे घडे मस्तच आहेत, पण पुरावा म्हणून नाहीत.

तेव्हा मित्रहो, यंदाच्या गॅदरिंगला एक पथनाट्य या गोटीवर होऊ द्या. उतार बनवायला मेकॅनिकलवाले आहेतच. भारूड लिहा, पोवाडा लिहा, आणि लिहिलेलं आधी एखाद्या पेशीशास्त्रज्ञाला दाखवा. पुण्यात त्यासाठी अख्खं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. यमक चुकलं तर प्रेक्षक हसून सोडून देतील. माहिती चुकली तर कुणाचं तरी कर्ज वाढेल.