दुष्काळी गावातला दत्तू ऑलिम्पिकला गेला. पुढचा दत्तू शोधणार कोण?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात पहाटे रस्त्यावर जा. सैन्यभरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. त्यातल्या एखाद्या उंच पोराला विचारा, 'रोइंग माहितीये का?' बहुतेक उत्तर 'नाही' असंच येईल.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळलाही ते माहीत नव्हतं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं दुष्काळी गाव. वडील विहिरी खोदायचे. ते गेल्यावर घर दत्तूवर आलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. उंची सहा फुटांहून जास्त, म्हणून त्याला पुण्यात रोइंगच्या बोटीत बसवलं. चारच वर्षांत तो रिओ ऑलिम्पिकमध्ये होता. सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं दोन वल्ही मारत २ किलोमीटर जायच्या शर्यतीत, तो १३ वा आला.

आता जर्मनीत काय झालं ते बघू.

ओलिव्हर झाइडलर आधी जलतरणपटू होता. रिओची संधी हुकली आणि २०१६ मध्ये तो रोइंगकडे वळला. म्हणजे त्यानंही उशिराच सुरुवात केली. पण त्याचे आजोबा १९७२ चे ऑलिम्पिक विजेते, वडील प्रशिक्षक आणि सरावाला म्युनिकजवळचा ऑलिम्पिकचा जलमार्ग. २०१९ मध्ये तो जगज्जेता झाला. टोकियोत अंतिम फेरी हुकली, तरी २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा जगज्जेता आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण.

दत्तूचं काय झालं?

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी तीन साथीदारांसह त्यानं सुवर्ण जिंकलं. एकेरीत मुद्दाम थांबल्याचा ठपका ठेवून महासंघानं २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. तब्येत बिघडली होती, असं त्याचं म्हणणं. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण ऑलिम्पिकच्या तयारीतले मोलाचे महिने हातचे गेले.

मग मुद्दा काय?

पॅरिसला भारताचा एकच रोइंगपटू होता, बलराज पन्वर. तोही सैन्यातलाच, २३ वा आला. सैन्यानं हा खेळ जगवला, हे मान्यच करायला हवं. पण जो भरतीत निवडला जात नाही, त्याचं काय? आणि आपल्या उंच, दमदार पोरींचं?

राहुरीजवळ २६ टीएमसीचं मुळा धरण आहे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातही एवढं पाणी आहे. शिवाय सुरुवातीला धरणसुद्धा लागत नाही. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एक रोइंग मशीन आणि पोरांची उंची-ताकद मोजणारा एक जाणकार, एवढ्यानंही शोध सुरू होऊ शकतो.

दत्तू सापडला, कारण तो सैन्यात गेला. जे गेले नाहीत, त्यांच्यात किती दत्तू होते, हे कुणी मोजलंच नाही.